विमानतळाखालचं स्टेशन: सांधा अलीकडे की पलीकडे?

तापीकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे. पण भुसावळ-जळगावकडची निम्मी घरं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, म्हणून इथेच विचारतो. (सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा, इंग्रजीत पॉइंट.)

गेल्या महिन्यात बहिणीकडे परदेशी गेलो होतो. परतताना विमानतळाच्या भुयारी स्टेशनात शिरायच्या थोडं आधी आमची गाडी बोगद्यात थांबली. शहराचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. बाहेर काळोख, आत सगळे घड्याळं बघताहेत, माझा जीव चेक-इनच्या काउंटरवर. नऊ मिनिटं गेली. सोबत नाना होते. नाना म्हणजे माझे वडील, ३१ वर्षं यार्डात पॉइंट्समन, म्हणजे सांधे फिरवणारे. ते अगदी शांत. म्हणाले, "पुढं लाइन मोकळी नाही. आतली गाडी निघेल तेव्हा आपण शिरू."

तसंच झालं. समोरून एक गाडी गेली, आमची हळूच हलली आणि पायाखाली खट, खडखडखड, खट असा आवाज आला. नानांनी बोटं मोजली. "सांधा अलीकडेच आहे. पलीकडं जागा ठेवलेली नाही यांनी."

उतरल्यावर सामान माझ्याकडे सोपवून नाना प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेले आणि बघून आले. रूळ संपले, बफर, त्यामागे भिंत.

विमान मिळालं. पण तेव्हापासून डोक्यात आहे: सांधा स्टेशनच्या अलीकडे असला काय आणि पलीकडे असला काय, एवढा काय फरक पडतो? आणि फरक पडत असेल तर एवढे पैसे घालून बांधणाऱ्यांना तो कळत नाही का?

केळीवाला रावेर

आता घ्या भो! आपल्याकडे गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, उभी राहिली की आपण खाली उतरून चहा पिऊन येतो. तिकडे बोगद्यात आउटर म्हणजे कठीणच.

सिग्नल रिटायर्ड

नानांना माझा नमस्कार सांगा. कानाने ओळखलं ते बरोबर असणार.

आधी आवाजाचं सांगतो. गाडी सांध्यावरून बाजूच्या लाइनवर जाते तेव्हा जिभेवर (टंग रेल, म्हणजे सांध्यातला सरकणारा रूळ) चाकं सरकतात, तो आवाज बारीक असतो. खरा ठोका क्रॉसिंगच्या नाकावर. तिथे एक रूळ दुसऱ्याला ओलांडतो, चाकाची कड पलीकडे जायला वाट हवी म्हणून रुळात खाच ठेवलेली असते. साध्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे शेजारच्या लाइनवर नेणाऱ्या तिरक्या वाटेत, असे दोन सांधे एकमेकांना जोडलेले, म्हणजे दोन नाकं. सिझर्स असेल, म्हणजे कात्रीसारखे दोन क्रॉसओव्हर एकमेकांना कापत असतील, तर मधे डायमंड, म्हणजे रुळांची फुली, येतो आणि तिथे जादा ठोके पडतात. 'खडखडखड' ऐकू आलं असेल तर सिझर्सच.

आता मूळ प्रश्न. दोन लाइनचा मार्ग, शेवटी दोन प्लॅटफॉर्म, अलीकडे सिझर्स. येणारी लाइन सरळ गेली तर एक नंबरला लागते, जाणारी लाइन दोन नंबरवरून सरळ निघते. एक नंबरवर येणारी आणि दोन नंबरवरून निघणारी, या दोघी एकाच वेळी हलू शकतात. कोणी कोणाच्या आड येत नाही. पण एक नंबरवर आलेल्या गाडीलाही कधीतरी निघायचंच आहे, आणि तिला जाणाऱ्या लाइनवर यायला सांधा ओलांडावा लागतो. त्याच वेळी मागची गाडी दोन नंबरवर यायला बघत असते, तिलाही सांधा ओलांडायचाय. दोघींच्या वाटा डायमंडवर एकमेकींना कापतात. एकीला थांबावंच लागतं. हे एकाआड एक गाडीला होतं.

हिशोब करा. आठ डब्यांची गाडी, पुढे सांध्याची लांबी, सिग्नलपासूनचं अंतर, सगळं मिळून ३०० मीटर धरू. ताशी ३० किलोमीटरने ते पार करायला ३६ सेकंद. निघणारी गाडी उभ्यापासून सुरू होते, तिला ४० लागतील. त्यात सांधा फिरणे, लॉक होणे, डिटेक्शन (सांधा नीट बसल्याची खूण) मिळणे, सिग्नल मिळणे. दीड मिनिट कुठे गेलं कळत नाही. टाइमटेबलप्रमाणे सगळं चाललं तर हे मावतं. पण विमानतळावर ते कधी चालत नाही, कारण चार-चार बॅगा घेऊन उतरणारा माणूस लोकलसारखा उडी मारून उतरत नाही. एका गाडीला प्लॅटफॉर्मवर मिनिटभर जादा लागलं की मागची बोगद्यात.

तापीकाठचा

काका, हे वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "शिरायला छत्तीस सेकंद लिहिलेत, त्यात दहा ड्रायव्हरचे घाला. समोर भिंत दिसली की पाय आपोआप जड होतो." शिरताना सिग्नलचा वेग कितीही असो, माणूस बफरकडे जाताना भीतच जातो म्हणे.

अहिराणी अण्णा

आम्हू धुये जावाले मेमूमा बसतस, गाडी उलटी फिरनी तरी समजत नई! 😄

मजा सोडा. धुळ्याला पूर्वी गाडी आली की इंजिन सुटायचं, बाजूच्या लाइनने फेरी मारून दुसऱ्या टोकाला लागायचं. पोरं ते बघायला थांबायची. मेमू आल्यापासून दोन्ही टोकांना केबिन, ड्रायव्हर फक्त चालत या टोकाकडून त्या टोकाला जातो. मेट्रोतही तसंच ना? मग पलीकडे जागा हवी कशाला? इंजिन तर फिरवायचं नाही.

सिग्नल रिटायर्ड

इंजिन फिरवायला नको, गाडी एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर न्यायला हवी. धुळ्याची शाखा एकेरी, दिवसाला मोजक्या गाड्या, तिथे हा प्रश्नच येत नाही. दर तीन-चार मिनिटांनी गाडी असेल तिथे येतो.

सांधा पलीकडे ठेवला तर गाडी एक नंबरवर येते, रिकामी होते, तशीच पुढे बोगद्यात जाते, तिथल्या सायडिंगमध्ये, म्हणजे गाडी उभी करायच्या जादा रुळावर, ड्रायव्हर टोक बदलतो (किंवा दुसरा ड्रायव्हर आधीच मागच्या केबिनमध्ये बसलेला असतो) आणि गाडी दोन नंबरवर येऊन उभी राहते. येणारी लाइन वेगळी, जाणारी वेगळी. शिरणाऱ्या गाडीला निघणारीची वाट बघावी लागत नाही. प्रवाशालाही सोपं: उतरायचं इकडे, चढायचं तिकडे, कधीही बदल नाही.

अहिराणी अण्णा

समजलं. मग सगळे तसंच का करत नाहीत?

भुयारवाली

कारण ते पैसे मातीत जातात, अगदी शब्दशः.

मी मूळची चाळीसगावची, गेली बारा वर्षं बोगद्यांच्या कामावर आहे. (मेट्रोचं नाव विचारू नका, नोकरी करायची आहे.) सिग्नलवाले काका जे सांगतात ते कागदावर दोन रेषा मारून होतं. आम्हाला त्या रेषांभोवती पोकळी करायची असते.

टीबीएम मशीन गोल बोगदा पाडतं. साधारण सहा मीटर व्यासाचा, एका गाडीपुरता. शेजारी दुसरा. दोन्हींच्या मधे साधारण एका बोगद्याच्या रुंदीइतकी माती किंवा खडक राखायचा असा ढोबळ नियम. म्हणजे दोन रुळांच्या मध्यरेषांत बारा-तेरा मीटर अंतर आपोआप पडतं. मधे दहा मीटरचा आयलंड प्लॅटफॉर्म घातला तर रूळ तेवढ्याच अंतरावर राहतात, बोगदे सरळ स्टेशनात घुसतात. म्हणून भुयारी स्टेशनात आयलंड इतके दिसतात.

आता या दोन रुळांमध्ये सांधा घाला. १ इन ९ चा सांधा म्हणजे नऊ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर बाजूला. तेरा मीटर बाजूला जायला ११७ मीटर नुसती तिरकी वाट, वर दोन्ही टोकांचे सांधे वेगळे. या सगळ्या लांबीत मधली माती ठेवता येत नाही. गोल बोगदा तिथे निरुपयोगी. एकतर वरून खणून मोठी पेटी बांधायची, नाहीतर खालून नाटमने, म्हणजे थोडं खणायचं, शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट) मारायचं, परत थोडं, असं करत गुहा काढायची. वर विमानतळ आहे. वरून खणायला टर्मिनलवाले परवानगी देतात का? विमानाच्या चाकाखाली?

रूळ जवळ आणले, मधे साडेचार मीटर, प्लॅटफॉर्म दोन्ही बाजूंना ठेवले, तर तिरकी वाट चाळीस मीटरवर येते. पण मग स्टेशनच्या बाहेर दोन बोगदे हळूहळू लांब न्यायचे, त्यासाठी परत रुंद जागा. कुठेतरी मोजावंच लागतं.

सायडिंगसकट हे सगळं पलीकडे करायचं म्हणजे गाडीच्या लांबीचे दोन बोगदे आणखी. ज्यातून एकही तिकीटवाला प्रवास करणार नाही असे. खर्चाची बैठक होते तेव्हा पहिली काट याच्यावरच पडते. बांधणाऱ्यांना कळत नाही असं नाही, भाऊ. ज्यांच्या सहीने पैसे सुटतात त्यांना बोगद्यात थांबावं लागत नाही, एवढंच.

केळीवाला रावेर

ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे.

यावलचा यात्री

याचं जिवंत उदाहरण देतो. टोकियोत दोन वर्षं होतो. हानेदा विमानतळाच्या एक आणि दोन टर्मिनलखाली केइक्यू कंपनीचं शेवटचं भुयारी स्टेशन आहे, १९९८चं. एक आयलंड, दोन रूळ, सांधा अलीकडे, शहराच्या बाजूला. वर सिग्नलवाल्यांनी लिहिलेली अडचण तिथे हुबेहूब. आता ते लोक प्लॅटफॉर्मच्या पलीकडे बोगदा वाढवून गाडी फिरवायला सायडिंग करताहेत. विमानतळ वर चालू, खाली खणकाम. आणि यातून मिळणार काय? तासाला तीन गाड्या जादा. पाव शतकानंतर, एवढा खटाटोप करून, तीन गाड्या. जपानी माणूस तीन गाड्यांसाठी हे करतो म्हणजे त्यांची किंमत त्याला माहीत आहे.

पीजेचा पंखा

जपानचं निघालं म्हणून सांगतो. नारिता विमानतळाची गोष्ट तर आपल्या पाचोऱ्याची आठवण करून देते.

नारिताला आधी शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन न्यायची होती. स्टेशनचा सांगाडा आणि मार्गाचा काही भाग बांधून झाला आणि १९८३मध्ये काम थांबलं. तयार भुयार पडून राहिलं. १९९१मध्ये ते वापरात आणलं, पण दोन कंपन्यांना वाटून. दोन लाइनची जागा होती, एक जेआरला, एक केइसेईला. म्हणजे दोघांनाही विमानतळापर्यंत एकेरीच लाइन. बरं, शेजारी-शेजारी असून एकीची गाडी दुसरीवर घालावी तर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, वेगळा: जेआरचा १,०६७ मिलिमीटर, केइसेईचा १,४३५. यांच्यात क्रॉसओव्हर कोणताही इंजिनिअर टाकू शकत नाही. दोन रूळ असून दोन्ही एकेरी!

आता पाचोरा आठवा. एका बाजूला मुंबई-भुसावळ ब्रॉडगेज, जोरात जाणाऱ्या गाड्या. दुसऱ्या बाजूला जामनेरला जाणारी आपली पीजे (पाचोरा-जामनेर), अडीच फुटी. मधे पंधरा पावलं. माणसाने चालत जायचं, पोत्यानं हमालाच्या डोक्यावर. रुळाला रूळ कधी भेटला नाही. २०२०पासून तीही बंद, आता ब्रॉडगेज करायचं मंजूर आहे म्हणतात. होईल तेव्हा खरं. जामनेरला इंजिन सुटून फेरी मारायचं तेव्हा ड्रायव्हर आम्हा पोरांना केबिनच्या पायरीवर चढू द्यायचा. आता कोणी देणार नाही.

अवांतर झालं, माफी.

अमळनेरकर

अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

सांधा-बिंधा नकोच असेल तर लंडनसारखी लूप करा की. हिथ्रोला टर्मिनल ४ला गाडी गोल फिरून परत येते, दोन्ही दिशांनी. ड्रायव्हरला टोक बदलावं लागत नाही, गाड्यांची टक्कर नाही. संपला प्रश्न.

यावलचा यात्री

दोन्ही दिशांनी नाही. ती लूप एकेरी आणि एकाच दिशेची आहे. लंडनकडून गाडी हॅटन क्रॉस, मग टर्मिनल ४, मग टर्मिनल २ आणि ३, मग परत लंडन. म्हणून २-३ वरून पिकॅडिली लाइनने (लंडनच्या मेट्रोची ही लाइन) ४ला जायचं असेल तर आधी लंडनच्या दिशेने हॅटन क्रॉसला या, तिथे गाडी बदला आणि परत मागे जा. नकाशावर शेजारी, प्रवासात उलटा हेलपाटा. मी केलाय, दोन सुटकेस घेऊन.

तरी त्या स्टेशनाचा इतिहास या धाग्यासाठी भारी आहे. १९७७मध्ये 'हिथ्रो सेंट्रल' म्हणून उघडलं तेव्हा ते शेवटचं स्टेशन होतं, गाड्या तिथूनच उलट फिरायच्या. १९८६मध्ये टर्मिनल ४ची लूप आली आणि ते मधलं स्टेशन झालं. २००८मध्ये टर्मिनल ५ला फाटा गेला, मग काही गाड्या लूपने, काही सरळ पाचला. एकाच स्टेशनाने ३१ वर्षांत तीन अवतार बघितले.

अमळनेरकर

बरोबर, चूक माझी. नकाशा बघून लिहिलं, बाण बघितले नाहीत.

सिग्नल रिटायर्ड

लूपची आणखी एक गंमत. टर्मिनल ४ला एकच प्लॅटफॉर्म. तिथे एक गाडी रखडली की मागून येणाऱ्या सगळ्या तिच्यामागे, बाजूने काढायला दुसरी लाइन नाही. सांधा असला तर बिघडतो म्हणून लोक सांध्याला शिव्या देतात. पण सांधा नसला की पर्यायही नसतो.

भुयारवाली

माझं मत विचाराल तर विमानतळ हे शेवटचं स्टेशन ठेवूच नये. मधलं ठेवावं. झुरिकला १९८०पासून विमानतळाखाली चार रुळांचं भुयारी स्टेशन आहे, देशभराच्या गाड्या त्यातून आरपार जातात. ॲमस्टरडॅमच्या शिफोलला सहा रूळ, तेही आरपार. गाडी फिरवायची ती पुढे कुठेतरी, जिथे जमीन स्वस्त आणि वर विमान नाही.

आपल्याकडेही हे केलंय. दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस २०११मध्ये सुरू झाली, टी३चं स्टेशन मधलं, शेवट द्वारका सेक्टर २१ला. म्हणून २०२३मध्ये ती पुढे यशोभूमीपर्यंत वाढवता आली. मुंबईच्या ॲक्वा लाइनवर टी१ आणि टी२ दोन्ही मधली स्टेशनं, लाइन आरे ते कफ परेड.

तापीकाठचा

म्हणजे मधल्या स्टेशनला सांध्याची गरजच नाही?

सिग्नल रिटायर्ड

आहे, आणि इथे भुयारवाली ताईंशी माझं जरा भांडण आहे. रोजच्या टाइमटेबलला नसेल, पण वाईट दिवसाला हवाच.

समजा एका बोगद्यात गाडी बंद पडली. दुसरा बोगदा मोकळा आहे. मग दोन्ही दिशांच्या गाड्या त्या एकाच लाइनवर आळीपाळीने चालवायच्या, म्हणजे सिंगल लाइन वर्किंग. ते कुठून कुठपर्यंत? एका क्रॉसओव्हरपासून पुढच्या क्रॉसओव्हरपर्यंत. दोन क्रॉसओव्हर सहा किलोमीटर लांब असतील आणि थांबे धरून गाडी ताशी ३६ने जात असेल, तर एका दिशेला दहा मिनिटं, परत यायला दहा. वीस मिनिटांत एक फेरी, तीही सगळं चोख चाललं तर. मधे तीन किलोमीटरवर एक क्रॉसओव्हर असता तर निम्म्या वेळात भागलं असतं. मुंबईची ॲक्वा लाइन टप्प्याटप्प्याने उघडली, ऑक्टोबर २०२४मध्ये बीकेसीपर्यंत, मे २०२५मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत, ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत. पहिल्या दोन टप्प्यांचं शेवटचं स्टेशन तात्पुरतं टोक, तिथे गाडी उलटी फिरवावी लागलीच. हे नकाशा काढतानाच ठरतं, नंतर सुचून चालत नाही.

मात्र एक कबूल करतो. बोगद्यातला सांधा म्हणजे डोकेदुखी. आमच्या काळी पॉइंट मशीनची, म्हणजे सांधा फिरवणाऱ्या मोटरच्या यंत्राची, परीक्षा असायची: जिभेच्या टोकापासून दीडशे मिलिमीटरवर, जीभ आणि रूळ यांच्यात पाच मिलिमीटरची पट्टी धरायची आणि पॉइंट फिरवायचा. पट्टी असताना लॉक लागला तर मशीन नापास. उन्हात, यार्डात, चहा पीत पीत आम्ही हे करायचो. भुयारात तेच काम रात्री गाड्या बंद असताना, दोन-तीन तासांच्या ब्लॉकमध्ये, छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली. राहिलं तर उद्या रात्री. म्हणून जो सांधा रोज वापरात नाही तो नेमका हवा तेव्हा फिरत नाही.

भुयारवाली

भांडण कसलं काका, मान्य आहे. फक्त तुमच्या प्रत्येक 'हवाच'साठी मला एक गुहा खणावी लागते, एवढं लक्षात असू द्या.

केळीवाला रावेर

जळगावच्या विमानतळाखाली कधी काढताय मग? सांधा कुसुंब्याच्या बाजूला ठेवा, आमची केळी तिथून थेट विमानात.

अहिराणी अण्णा

पहिले इमान तं रोज येऊ दे रे भाऊ.

तापीकाठचा

धागा नानांना पूर्ण वाचून दाखवला. दोन ठिकाणी थांबवलं. पाच मिलिमीटरच्या पट्टीला म्हणाले, "सिग्नलवाले पट्टी लावून जायचे. मोटर बंद पडली की क्रँक हँडल घालून फिरवायला, क्लॅम्प मारून कुलूप लावायला आम्हीच. पावसात. हे पण लिही." लिहिलं.

दुसरं लूपच्या प्रतिसादाला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांधाच नाही? मग तिथं रात्रपाळीला माणूस करतो काय?"

सिग्नल रिटायर्ड

नानांना सांगा, लूप जिथे फुटते तिथे हॅटन क्रॉसच्या पुढे सांधा आहे. नोकरी शाबूत.